लोभाचं नाव घ्या : मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलमंडळांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, वडीलमंडळाचे सभासद आणि व्यासपीठावरून वचन सांगणारे सर्व बंधुभगिनी,

सप्रेम जय ख्रिस्त.

हे पत्र कुठल्या एका मंडळीला लिहिलेलं नाही. मी समोर बाकावर बसून ऐकणारी सभासद आहे आणि लहानपणापासून ऐकत आले आहे. दारूवरचे उपदेश ऐकले, व्यभिचारावरचे ऐकले. खोटं बोलणं, चहाडी, क्षमा न करणं, यांवरचेही ऐकले. ते मनाला लागले, त्यांनी सुधारलंही. पण लोभ हे पाप आहे, ते इथे बसलेल्या आपल्या सगळ्यांत आहे आणि त्याबद्दल पश्चात्ताप करायला हवा, असं सरळ सांगणारा उपदेश क्वचितच कानांवर पडला. दहा आज्ञांतली शेवटची आज्ञा आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो आणि तिथेच सोडून देतो. प्रेषित पौल कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात लोभाला थेट मूर्तिपूजा म्हणतो. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरचं कोणीतरी येतं. पौलाच्या डोळ्यांसमोर मात्र मंडळीतलीच बाप्तिस्मा घेतलेली माणसं होती.

माझी विनंती एवढीच आहे की लोभाचं नाव घेऊन बोला, आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याशी आधी बोला.

समाधानावर आपल्याकडे उपदेश होतच नाहीत, असं मी म्हणत नाही. होतात, पण कोणाला होतात ते बघा. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी प्रार्थनेला गेलो की आपण इब्री १३ उघडतो, 'जवळ आहे तेवढ्यात तृप्त असावे.' आजारपणात होतं नव्हतं ते गमावलेल्या कुटुंबाला ईयोबाची गोष्ट सांगतो. आणि कोणी दुसरं घर घेतलं, तिथे समर्पणाची प्रार्थना असली, की आशीर्वादाची स्तोत्रं निघतात, अब्राहामाचं नाव निघतं. त्या घरात उभं राहून 'जवळ आहे तेवढ्यात तृप्त असावे' हे वचन वाचलेलं मी तरी ऐकलेलं नाही. ज्याच्याजवळ नाही त्याला समाधान शिकवायचं आणि ज्याच्याजवळ आहे त्याचं अभिनंदन करायचं, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे.

शास्त्रातली वाटणी याच्या उलट आहे. लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभू दरिद्र्यांना धन्य म्हणतो आणि धनवानांच्या दुर्दशेबद्दल बोलतो. पौल तीमथ्याला सांगतो की या युगातल्या धनवानांना निक्षून सांग, त्यांनी अभिमानी होऊ नये, चंचल धनावर आशा ठेवू नये, परोपकारी असावं, आपल्यातलं इतरांना द्यावं. 'निक्षून सांग' ही तीमथ्यावर टाकलेली जबाबदारी आहे, म्हणजे पाळकावर. उलट उघड्या-भुकेल्या भावाला नुसतं 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा' म्हणून वाटेला लावणाऱ्याला याकोब विचारतो, याचा काय उपयोग? गरजवंताच्या दारात केलेला आपला समाधानाचा उपदेश पुष्कळदा याच जातीचा असतो. त्याला आपण द्यायला हवं होतं, आणि आपण वचन देऊन आलो.

लूकच्या बाराव्या अध्यायातल्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला आपण मुलांना गोष्ट म्हणून सांगतो. तो मोठ्यांसमोर सावकाश वाचा, असं मला फार वाटतं. दाखल्याच्या आधीची दोन-तीन वचनं सोडू नका. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, वतनाचा माझा वाटा मला द्यायला माझ्या भावाला सांगा. त्याची मागणी कदाचित न्याय्यही असेल. वाटणीवरून भावाभावांत अबोला आहे अशी घरं प्रत्येक मंडळीत असतात. दोघंही उपासनेला येतात, एक या बाजूच्या बाकावर बसतो, दुसरा त्या बाजूच्या. येशू वाटणी करून द्यायचं नाकारतो आणि सगळ्यांकडे वळून म्हणतो, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा. मग दाखला सुरू होतो.

त्या शेतकऱ्याने कोणाचं काही लुबाडलेलं नाही. पीक त्याच्याच जमिनीतून आलं आहे. दाखल्यात चोरी नाही, लाच नाही, खोटं माप नाही. तो फक्त स्वतःशी बोलतो. मी काय करू? माझं पीक साठवायला मला जागा नाही. मी माझी कोठारं मोडून मोठी बांधीन. मी माझ्या जिवाला म्हणेन, जिवा, तुला पुष्कळ वर्षं पुरेल इतकं ठेवलं आहे, विसावा घे, खा, पी, आनंद कर. या बोलण्यात दुसरं माणूस कुठेच नाही. ज्यांनी ते पीक कापलं त्या मजुरांचा उल्लेख नाही, बायकोमुलांचा नाही, शेजाऱ्याचा नाही, पाऊस देणाऱ्या देवाचाही नाही. जास्तीचं पीक आल्यावर त्याच्या मनात एकच प्रश्न येतो, ठेवायचं कुठे. द्यायचं कोणाला, हा प्रश्न त्याला सुचतसुद्धा नाही. आणि देव त्याला मूर्ख म्हणतो.

हा माणूस आज आपल्या मंडळीत असता तर आपण त्याचं काय केलं असतं? मेहनती, सचोटीचा, पुढचा विचार करणारा, कर्ज नसलेला. आपण त्याला वडीलमंडळावर घेतलं असतं. बांधकाम समितीचा प्रमुख केलं असतं. मी हे दुखवायला म्हणत नाही. ज्या गुणांवरून आपण माणूस पारखतो त्या गुणांनी तो पुरेपूर भरलेला आहे आणि तरी त्याचा जीव रिकामा आहे, हे आपल्या लक्षात यावं म्हणून म्हणते.

पुढे बिशप झालेल्या कैसरियाच्या बासिलाने याच दाखल्यावर इसवी सन ३६९च्या सुमारास उपदेश केला. कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या त्या प्रांतात, तेव्हा मोठा दुष्काळ होता आणि धान्य ज्यांच्याकडे होतं ते भाव वाढायची वाट बघत होते. त्याने त्यांना सांगितलं की तुम्ही अडवून धरलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत ठेवलेलं वस्त्र उघड्याचं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कोठारं बांधायचीच असतील तर ती गरिबांच्या पोटात आहेत. त्याने श्रीमंतांना धान्य खुलं करायला लावलं, भुकेल्यांच्या पंगती बसवल्या, आणि पुढे शहराबाहेर गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी, महारोग्यांसाठी मोठं आश्रयस्थान उभं केलं. हे बोलणं लोकांना आवडलं असेल असं नाही. तरी तो बोलला.

आता आपल्या उपासनेतल्या एका गोष्टीबद्दल. साक्षीची वेळ.

एका उपासनेतलं दृश्य सांगते, कारण अशी दृश्यं तुम्हीही अनेकदा पाहिली असतील. एक तरुण जोडपं पुढे आलं. नवऱ्याने माइक हातात घेतला आणि नव्या गाडीबद्दल सांगितलं. पगारवाढ कशी अनपेक्षित झाली, कर्ज कसं चटकन मंजूर झालं, हवा होता तोच रंग कसा मिळाला. देव विश्वासू आहे, असं म्हणून तो थांबला. टाळ्या झाल्या, 'हालेलूया' झालं. त्याचा आनंद खरा होता आणि मला त्याचा हेवा वाटला नाही. माझं लक्ष गेलं ते पलीकडच्या बाकावरच्या एका बाईंकडे. त्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते आणि त्या दुसऱ्यांच्या घरी काम करून मुलांना शिकवत होत्या. साक्ष चालू असताना त्यांनी पर्स उघडली, अर्पणाचा घडी केलेला लिफाफा काढला, तो गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केला आणि परत आत ठेवला. आणखी कोणाला बोलायचं आहे का, असं पाळकांनी विचारलं तेव्हा त्या उठल्या नाहीत. उठून सांगायचं तरी काय? या महिन्यातही पुरलं, मुलं उपाशी झोपली नाहीत, आणि मी देवावर रागावले नाही? आपल्या मंडळीत याला साक्ष म्हणतात, असं त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नाही.

म्हणून माझं मागणं आहे की पुढच्या साक्षीच्या वेळी वेगळा प्रश्न विचारा. या महिन्यात कोणी काही घ्यायचं ठरवलं होतं आणि देवाने त्याला त्यावाचून आनंदी ठेवलं, असं झालं का? कोणी काही देऊन टाकलं का? कोणाचं कर्ज फिटलं का? सुरुवातीला शांतता पसरेल. ती पसरू द्या. वस्तू मिळाली की देव विश्वासू, हे आमची मुलं दर रविवारी ऐकून शिकतात. मग वस्तू मिळाली नाही की देवाचं काय करायचं, हे त्यांना कळत नाही. तरुणसंघातली काही मुलं मंडळी सोडून जातात त्याची कारणं पुष्कळ असतील. त्यांतलं एक हे आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

समृद्धीची सुवार्ता, म्हणजे विश्वास ठेवला आणि अर्पण दिलं की देव श्रीमंत करतो अशी शिकवण, सांगणाऱ्यांबद्दल थोडंच लिहिते. अमुक पेरा म्हणजे शंभरपट मिळेल असं सांगताना ते मार्कच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेतात. शंभरपट मिळण्याचं वचन तिथे आहे हे खरं. पण त्याच वाक्यात 'छळणुकीसह' असंही आहे, आणि ते वगळलं जातं. शिवाय ते वाक्य येतं कधी? श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेल्यावर, सगळं सोडून आलेल्या शिष्यांना उद्देशून. ते पैसे गुंतवणाऱ्यांना दिलेलं आश्वासन नव्हे. ज्या मंडळ्या या शिकवणीला खोटी म्हणतात त्यांनीही एकदा स्वतःकडे बघावं. ती शिकवण आपल्या व्यासपीठावर नसली तरी आपल्या अभिनंदनांत असते, कोणाला पुढे बसवायचं आणि कोणाला प्रार्थना करायला सांगायचं या निवडीत असते. याकोबाने सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाबद्दल जे लिहिलं ते उपासनेतल्या बसण्याच्या जागेबद्दलच आहे.

आता बाहेरच्या जगाबद्दल, कारण तुमच्या उपदेशाची गाठ कशाशी आहे हे माहीत असायला हवं. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी १९२९ साली एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, ग्राहकाला असमाधानी ठेवा. त्यांचं म्हणणं लपवाछपवीचं नव्हतं. सगळे समाधानी झाले तर नवीन कोणी घेणारच नाही, आणि मग कारखाने चालायचे कसे? असमाधान आपोआप उगवत नाही, ते रोज लागवड करून वाढवावं लागतं, हे व्यापाराला इतक्या आधीपासून ठाऊक आहे. तेव्हा ते काम करायला मासिकं आणि भिंतींवरच्या जाहिराती होत्या. आज ते काम आपल्या उशाशी असलेला फोन करतो. आपण काय बघतो, कुठे थांबतो, कशावर दोनदा बोट ठेवतो हे त्याला कळतं, आणि नेमकं तेच तो पुन्हा समोर आणतो. पैसे नसले तर हप्ते आहेत. न मागता मंजूर झालेलं कर्ज आहे. शेजाऱ्याचं घर पूर्वी खिडकीतून दिसायचं. आता हजार अनोळखी लोकांची घरं, सहली, लग्नं, मुलांचे वाढदिवस हातात घेऊन माणूस झोपायला जातो. आठवडाभर हा उपदेश अखंड चालतो आणि रविवारी तुम्हाला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात तुम्ही लोभाचा उल्लेखही केला नाही, तर आम्ही तो दुसरा उपदेश खरा मानणार. मानतोच आहोत.

म्हणून लोभ फक्त श्रीमंतांचा असतो असंही मला म्हणायचं नाही. ज्याच्याजवळ काही नाही तोही रात्रंदिवस पैशाचाच विचार करत असेल तर तो त्याच धन्याची चाकरी करतो आहे. 'तुम्ही देवाची आणि धनाची चाकरी करू शकत नाही' हे प्रभूने डोंगरावर बोलताना सांगितलं. समोर बसलेल्यांत कोळी, शेतकरी, मजूर असणार. पण क्रम महत्त्वाचा आहे. ज्याच्याजवळ आहे त्याला आधी सांगितलं, तर ज्याच्याजवळ नाही तो ते ऐकून घेईल. उलट क्रमाने सांगितलं तर ते त्याला ढोंग वाटेल, आणि तसं वाटणं चुकीचंही नसेल.

मग समाधान म्हणजे काय, हेही स्पष्ट सांगा. ते म्हणजे हातपाय गाळून बसणं असा समज फार आहे. मुलांना शिकवू नये का, चांगली नोकरी शोधू नये का, घर बांधू नये का, असं लोक विचारतात. त्याला उत्तर द्या. पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि काम करायची ज्याची इच्छा नाही त्याने खाऊही नये असं लिहीत होता. त्याच पौलाने तीमथ्याला लिहिलं की देव आपल्याला उपभोगासाठी सगळं विपुल देतो. वस्तू वाईट नाहीत, त्यांचा आनंद घेणंही पाप नाही. आणि अन्याय मुकाट सोसणं म्हणजे समाधान, असंही कोणाला शिकवू नका. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि त्यांचं ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानांपर्यंत जातं, हे याकोबाचं वचन आहे. मजुराने आपली मजुरी मागणं हा लोभ नव्हे. लोभ ती अडवून ठेवणाऱ्याच्या हातात आहे.

फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय इथे फार उपयोगाचा आहे. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे', हे वचन परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या आधी, धंद्याच्या उद्घाटनाला सांगितलं जातं. पौल बंदिवासातून लिहितो आहे, आणि त्याच्या 'सर्वकाही'चा अर्थ आधीच्याच वाक्यात आहे : भरल्या पोटी राहणं आणि भुकेलं राहणं, विपुलतेत राहणं आणि टंचाईत राहणं. हे मी शिकलो, असं तो म्हणतो. दमास्कसच्या वाटेवर त्याला ख्रिस्ताचं दर्शन झालं, तिथे ते एकदम मिळालं नाही. मंडळ्यांची काळजी, फटके, उपास, जहाजं फुटणं, यांत ते वर्षानुवर्षं मुरलं. आणि एक बारकावा आपण नेहमी सोडतो. विपुलतेत कसं राहावं हेही तो शिकला. टंचाई सोसण्याचं शिक्षण परिस्थितीच देते, पण भरपूर असताना देवाला न विसरता राहण्याचं शिक्षण कोण देणार? ते मंडळीनेच द्यायला हवं. पुढच्याच वचनात तो फिलिप्पैकरांना म्हणतो, तरीपण माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. मी समाधानी आहे, तुमची भेट कशाला, असं त्याने म्हटलं नाही. एपफ्रदीताच्या हाती त्यांनी पाठवलेलं त्याने आनंदाने घेतलं.

रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेल्या मान्न्याचा, म्हणजे त्या अन्नाचा, हिशोबही मला इथेच आठवतो. ज्याने फार गोळा केला त्याला जास्त झाला नाही, ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. उद्यासाठी लपवून ठेवला त्यात किडे पडले. शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट ठेवला तो मात्र नासला नाही. देवाच्या शब्दावर ठेवलेलं आणि भीतीपोटी ठेवलेलं, यांतला फरक लोकांना दुर्गंधीवरून कळला. कित्येक शतकांनंतर यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना पौल करिंथकरांना हेच वचन लिहितो. रानात देवाने जी बरोबरी स्वतः केली ती आता मंडळीने आपल्या हातांनी करावी, अशी त्याची अपेक्षा दिसते. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' अशी प्रार्थना आपण रोज करतो. त्यात 'माझी' नाही, 'आमची' आहे, आणि मागणं आजच्यापुरतं आहे.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं उदाहरण तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पैशाच्या वापरावरचा त्याचा उपदेश १७६०मध्ये छापला गेला : होईल तेवढं मिळवा, होईल तेवढं वाचवा, होईल तेवढं द्या. तो स्वतः तसा राहिला. पुस्तकांमुळे उत्पन्न कितीतरी वाढलं तरी स्वतःवरचा खर्च त्याने वाढू दिला नाही, वरचं सगळं वाटत गेला. म्हातारपणी मात्र तो खंत करत होता. मेथडिस्ट लोक विश्वासाने कष्टाळू आणि काटकसरी झाले, त्यामुळे श्रीमंत झाले, आणि श्रीमंतीमुळे त्यांचा विश्वास थंडावत चालला. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी उचलल्या, तिसरी सोडली. आपल्या मंडळ्यांतही हेच होतं आहे, असं मला वाटतं. शुभवर्तमानाने आपल्या आजोबा-पणजोबांना व्यसनांतून सोडवलं, शाळेत घातलं, उभं केलं. त्या उभं राहण्याचं आपण काय केलं, हा प्रश्न आपल्या पिढीला विचारला गेला पाहिजे.

आपल्याच भाषेतलं उदाहरण द्यायचं तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं द्या. त्यांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि दोन वर्षांनी त्यांचा मृत्यू होईपर्यंत ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून ते राहिले. सगळ्यांनी तसं करावं, असं मी म्हणत नाही. श्रीमंत तरुणाला येशूने सगळं विकायला सांगितलं, जकातदार जक्कयाने आपणहून अर्धं दिलं तेव्हा त्याच्या घरी तारण आलं असं येशू म्हणाला, आणि मार्था-मरियेच्या घरात येशू पाहुणा म्हणून राहिला, त्यांना घर विकायला सांगितलं नाही. प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. पण ज्याला कोणी कधी मोजायलाच सांगितलेलं नाही, त्याने काय मोजायचं?

वैयक्तिक समुपदेशनात पैशाबद्दल विचारा, ही आणखी एक विनंती. लग्न ठरलेल्या जोडप्याला तुम्ही प्रार्थनेबद्दल विचारता, एकनिष्ठेबद्दल विचारता. त्यांच्या डोक्यावर किती कर्ज आहे, ते कशासाठी घेतलं, लग्नाच्या खर्चासाठी कोणाकडून उचललं, तेही विचारा. आमच्यातली कितीतरी भांडणं या न विचारलेल्या प्रश्नांतून निघतात. घरात हप्त्यांवरून रोज वाद होतात आणि आम्ही तुमच्याकडे येऊन 'शांतीसाठी प्रार्थना करा' एवढंच म्हणतो. आम्हाला सांगायची लाज वाटते. तुम्ही विचारलंत तर सांगू.

आणि मंडळीचा स्वतःचा पैसा. हे लिहिताना मला जड जातं, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण अतिशय कमी मानधनात सेवा करतात आणि तुमच्या मुलांनी त्याची किंमत मोजली आहे. मंडळीने आपल्या पाळकाला नीट दिलं नाही तर तोही मंडळीचा लोभच. पण मंडळीचं अंदाजपत्रक हा सगळ्यात मोठ्याने ऐकू येणारा उपदेश असतो. आवाजाची यंत्रणा बदलायला पैसे निघतात आणि मंदिर झाडणाऱ्या माणसाचा पगार वर्षानुवर्षं तोच राहतो, हे मुलं बघतात. प्रकटीकरणाच्या पुस्तकातली लावदिकीया शहराची मंडळी 'मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही' असं म्हणत होती. ते शहरही तसंच होतं. इसवी सन ६०मध्ये भूकंपाने ते मोडलं तेव्हा रोमची मदत न घेता त्याने स्वतःला पुन्हा उभं केलं. त्याच मंडळीच्या दाराबाहेर प्रभू उभा राहून दार ठोकतो आहे.

१९७४ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे झालेल्या करारात जगभरच्या मंडळीपुढाऱ्यांनी लिहून दिलं की आमच्यापैकी जे संपन्न परिस्थितीत राहतात ते साधी राहणी अंगीकारणं हे आपलं कर्तव्य मानतात, म्हणजे गरजूंना मदत आणि सुवार्ताप्रसार या दोन्हींसाठी अधिक उदारपणे देता येईल. त्याला आता पन्नास वर्षं उलटली. तो परिच्छेद एखाद्या रविवारी मंडळीला वाचून दाखवा.

पुढच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडाल तेव्हा एक आकडा वेगळा काढून सांगा : या वर्षी आपण जेवढं स्वतःवर खर्च केलं त्याच्या तुलनेत आपल्या चार भिंतींबाहेरच्या गरजूंना किती दिलं. तो आकडा लहान असला तर लपवू नका. आम्हाला विचारा की पुढच्या वर्षी तो वाढवायला आपण काय सोडायला तयार आहोत, आणि ही चर्चा सगळ्यांसमोर होऊ द्या, विधवांनाही बोलू द्या, मुलांनाही. त्या रविवारी उपदेशासाठी लूकचा बारावा अध्याय घ्या, तेराव्या वचनापासून. मी उपासनेला असेन, आणि माझ्या घरातले सगळे असतील.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीतली एक सभासद